शून्य ते दहा: जुन्या दुखण्याची रोजची वही

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. माझी कंबर आणि तिच्यातून उजव्या पायात उतरणारी कळ ती मुदत केव्हाच ओलांडून गेल्या आहेत. अशा दुखण्यात डॉक्टर असोत की फिजिओथेरपिस्ट, प्रश्न एकच असतो: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करवेल तेवढं भयंकर, आज किती? बहुतेक माणसं आठ सांगतात. पुढच्या खेपेलाही आठ. मधल्या काळात गोळ्या बदललेल्या असतात, व्यायाम सुरू झालेला असतो, इथे कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी चालणं चालू असतं, तरी उत्तर आठच. त्या आठावरून डॉक्टरांना गोळी वाढवायची की कमी करायची ते ठरवता येत नाही. आपण सुधारतोय की घसरतोय, हे दुखणाऱ्यालाही उमगत नाही.

मी या आकड्यांची वही ठेवते. तिच्यात काय लिहायचं, कधी लिहायचं आणि ती कुठे फसवते, ते इथे देते आहे. उदाहरणं कंबरदुखीची आहेत. गुडघा, मान किंवा संधिवात असेल तर उदाहरणं बदलावीत, पद्धत तीच चालते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. हा आकडा म्हणजे मणक्यात किती बिघाड आहे त्याचं माप नव्हे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यातही वेदना हा शरीराचा आणि मनाचा मिळून अनुभव धरला आहे, आणि प्रत्यक्ष इजा नसतानाही ती होऊ शकते हे मान्य केलं आहे. एमआरआयचं उलट टोक २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसतं: ज्यांना काहीच दुखत नव्हतं अशा वीस वर्षांच्या माणसांतही सुमारे ३० टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या (‘बल्ज’) होत्या, ऐंशीच्या वयात ८४ टक्क्यांच्या. म्हणून रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ दिसला की आकडा वाढवून लिहू नये, आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून कमीही करू नये. आकडा फक्त आपली आपल्याशीच तुलना करायला असतो. शेजारणीचा पाच आणि माझा पाच यांचा काही संबंध नाही.

म्हणूनच पट्टी आपली आपण बनवावी लागते, आणि ती बऱ्या दिवशी बनवावी. कळ चालू असताना बनवली तर सगळे आकडे वर सरकतात. पट्टीवरचा प्रत्येक आकडा रोजच्या कामाला बांधायचा. माझ्या पट्टीत १ आणि २ म्हणजे कुणी विचारलं तरच आठवणारं दुखणं. ३ म्हणजे ते सोबत आहे, पण चार माणसांच्या भाकऱ्या ओट्याशी उभं राहून होतात. ४ ला भाकऱ्या होतात, पण मधेच एक पाय पाटावर टेकवावा लागतो. ५ ला तिसऱ्या-चौथ्या भाकरीनंतर खुर्ची ओढावी लागते, आणि राजारामपुरीतून बिंदू चौकाकडे स्कूटरवर मागे बसून जाताना पुढचा गतिरोधक लांबूनच दिसायला लागतो. ६ ला समोरचा बोलतोय ते ऐकू येतं, पण डोक्यात शिरत नाही. पेपरचं एक पान पुरं होत नाही. ७ ला वाकून पायात काही घालता येत नाही, आंघोळीचं पाणी दुसऱ्याने काढून द्यावं लागतं. ८ म्हणजे आडवं व्हावं लागतं आणि आडवं होऊनही कूस सापडत नाही. ९ ला बोलणं तुटक होतं. १० शक्यतो मोकळी ठेवावी. आजच्या सर्वांत वाईट दुखण्याला १० देऊन टाकले आणि उद्या त्याहून वाईट झालं, तर लिहायला आकडाच उरत नाही.

ही पट्टी वहीच्या आतल्या कव्हरवर चिकटवायची आणि निदान तीन महिने बदलायची नाही. दुखण्याची सवय झाली की माणूस नकळत पट्टी ढकलतो. पूर्वी ज्याला सहा म्हणायचा त्याला चार म्हणू लागतो. कव्हरवर काम लिहिलेलं असलं की हे लगेच पकडता येतं: खुर्ची ओढावी लागली ना, मग तो पाचच.

घरातल्या वयस्कर माणसांना शून्य-दहा जमत नाही. ‘रुपयात किती आणे फरक?’ असं विचारलं की मात्र लगेच उत्तर येतं. हे उत्तर उपयोगी आहे, पण ते वेगळ्या रकान्यात लिहावं. आण्यांत सांगितला जातो तो पूर्वीच्या मानाने पडलेला फरक. पट्टीवरचा आकडा म्हणजे आजची पातळी. ‘आठ आणे’ ऐकून ५ लिहिलं की दोन्ही नोंदी नासल्या.

वही साधी २०० पानी, रेघांची. मोबाइलवर ॲप आहेत, पण गोळीची वेळ, आकडा आणि कारण एका नजरेत दिसायला कागद बरा. दिवसातून तीन वेळा लिहायचं: सकाळी उठून साधारण अर्ध्या तासाने, दुपारी जेवणानंतर, रात्री झोपण्याआधी. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या लिहू नये. रात्रभर एका जागी राहून अंग आखडलेलं असतं, तो आकडा दिवसभराचा नसतो. मात्र ते आखडणं किती मिनिटं टिकलं हे लिहायलाच हवं. हालचाल सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सुटत असेल तर ते बऱ्याच कंबरांचं असतं. रोज अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, चालल्यावर बरं आणि विश्रांतीने वाईट होत असेल, पहाटे पहाटे जाग येत असेल, तर ती सुजेच्या संधिवाताची खूण असू शकते. विशेषतः दुखणं चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत सुरू झालं असेल तर ही ओळ डॉक्टरांना आपणहून दाखवावी.

प्रत्येक वेळी लिहायचा तो ‘आत्ता किती’. रात्री त्यात दोन आकडे वाढवायचे: दिवसातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी. ‘सर्वांत कमी’ पुष्कळ जण गाळतात, पण मला तोच मोलाचा वाटतो. दिवसातला एक तास जरी दुखणं २ वर उतरत असेल, तर त्या तासात आपण काय करत होतो ते शोधण्यासारखं असतं.

कालचं पान झाकूनच आजचं लिहावं. काल ६ दिसला की हात आपोआप ६ कडे जातो. आकडा आधी, कारण नंतर. उलट केलं तर ‘आज जोतिबाला जाऊन आले म्हणजे दुखतच असणार’ असं म्हणून आकडा फुगतो. साडेसहा, पावणेसात असले आकडे नकोत. एवढी बारीक उतरण कुणालाच जाणवत नाही. आणि चुकलेली नोंद मागाहून भरायची नाही, जागा कोरी सोडायची. आठवणीवर लिहिलेला आकडा का बिघडतो याचं कारण माहीत आहे. रेडलमायर आणि कानमन या संशोधकांनी १९९६ मध्ये आतड्याच्या दुर्बीण तपासणीतल्या रुग्णांवर दाखवलं, की माणूस आठवताना सगळ्यात जोराची कळ आणि शेवटची काही मिनिटं एवढंच धरून ठेवतो. तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत फारसं वजन राहत नाही. शनिवारी रात्री आठवड्याचे आकडे भरायला बसलं की नेमकं हेच होतं: बुधवारची एक सणक सगळा आठवडा खाऊन टाकते.

कंबर आणि पाय यांना एकच आकडा देऊ नये. दोन रकाने करावेत, आणि पायाच्या रकान्यात कळ कुठवर गेली ते लिहावं: कुल्ला, मांडी, पोटरी, पाऊल. माझ्या वहीतली एक ओळ अशी असते: ‘दुपार २.३०. कंबर ५, पाय २ मांडीपर्यंत. जळजळ नाही, मुंग्या थोड्या.’ समजा आधी कंबर ३ आणि पाय ६ पावलापर्यंत होता, आणि आता कंबर ५ आणि पाय २ मांडीपर्यंत आहे. नुसत्या कंबरेच्या आकड्याकडे पाहिलं तर माणूस घाबरून व्यायाम सोडेल. खरं तर कळ पायातून वर सरकून कंबरेत गोळा होणं हे मणक्याच्या व्यायामांत चांगलं लक्षण मानतात. उलट कंबर बरी वाटतेय पण कळ पोटरीतून पावलात उतरतेय, तर तो व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला विचारावं.

दुखण्याची जातही एका शब्दात टिपावी. ठणका, भरून येणं, आखडणं हे बहुधा स्नायू आणि सांध्यांचं. जळजळ, करंट बसल्यासारखी सणक, मुंग्या, बधिरपणा हे शिरेचं, म्हणजे मज्जातंतूचं. हा फरक गोळीच्या निवडीत येतो, कारण शिरेच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत.

आता कारणांचा रकाना, म्हणजे सगळ्यांत जास्त फसवणारा. जास्त श्रमांचं दुखणं बऱ्याचदा त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उमटतं. रविवारी जोतिबाच्या पायऱ्या चढून आलेली बाई मंगळवारी ‘आज काहीच केलं नाही तरी का दुखतंय’ म्हणते आणि दोष सोमवारच्या भाताला देते. म्हणून कारणं दुखल्यावर आठवून लिहायची नाहीत, काम झाल्या झाल्या लिहायची, मग त्या दिवशी दुखो न दुखो. काय लिहावं? सलग बसणं किती मिनिटं, सलग उभं राहणं किती मिनिटं, उचललेलं सर्वांत जड काय, स्कूटर किंवा केएमटीचा (शहर बसचा) प्रवास, झोप किती तास. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेतलं उभं राहणं, महाद्वार रोडवर विसर्जन मिरवणूक बघत काढलेली रात्र, लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसणं हे सगळं त्यात आलं. पायात काय होतं हेही लिहावं. कोल्हापुरी चप्पल दिसायला फक्कड, पण तिचा कडक सपाट तळ दिवसभर फरशीवर वापरला की माझ्या कंबरेला दुसऱ्या दिवशी कळतो.

वजनांचा अंदाज लोकांना नसतो. २० लिटरची भरलेली बादली म्हणजे २० किलो. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण टाकीसकट ते तीस किलोच्या आसपास जातं. ‘जरासा सिलिंडर सरकवला’ ही नोंद नाही. ‘तीस किलो, वाकून, एकदा’ ही नोंद.

पावसाचं काय? जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हाडं दुखतात यावर कुणाचं दुमत नसतं. मँचेस्टर विद्यापीठाचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की दमट हवा, कमी दाब आणि वारा यांचा वेदनेशी संबंध आहे, पण तो माफक. माझ्या मते इथल्या पावसाळ्यात हवेपेक्षा बाकीचं जास्त नडतं: रंकाळ्यावरचं चालणं बंद पडतं, रस्त्यांना खड्डे पडतात, न वाळलेल्या कपड्यांच्या बादल्या गच्चीवरून खाली आणि खालून वर होतात. म्हणून ‘पाऊस’ असं एकच कारण न लिहिता ‘चाललं नाही’, ‘खड्डे’, ‘बादल्या’ असं फोडून लिहावं. पाऊस थांबवता येत नाही. घरातल्या घरात वीस मिनिटं चालता येतं.

गोळ्यांच्या रकान्यात नाव, मिलिग्रॅम, वेळ, घेण्याआधीचा आकडा आणि दीड-दोन तासांनंतरचा आकडा. ब्रँडचं नाव पुरत नाही, पाकिटामागचा मजकूर वाचावा लागतो. ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅमसोबत बऱ्याचदा पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतंच. त्यात ताप वाटतो म्हणून ६५० ची गोळी आणि सर्दीची आणखी एक गोळी घेतली, की पॅरासिटामॉल तीन वाटांनी पोटात गेलं. निरोगी प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. यकृताचा त्रास, दारू किंवा कमी वजन असेल तर डॉक्टर त्याहून कमी ठरवतात. ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही एकाच घराण्यातली. दोन एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, जठर आणि मूत्रपिंडावरचा भार मात्र वाढतो. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे औषध दुकानदाराला विचारून नव्हे, डॉक्टरांना विचारून घ्यावं. डोकेदुखीवाल्यांनी महिन्याचे दिवस मोजावेत: साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या गोळ्या) १० किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. हे वहीशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रेगाबालिन, गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलीन या शिरेच्या दुखण्यावरच्या गोळ्यांना मात्र दोन तासांची कसोटी लावू नये. त्यांचा परिणाम दिवसा-आठवड्यांनी बघायचा असतो. त्यांच्यासमोर झोप, गरगरणं, सुस्ती लिहावी, आणि आकडा उतरला म्हणून किंवा उतरत नाही म्हणून त्या एकदम बंद करू नयेत.

शेकाचीही नोंद गोळीसारखीच: किती मिनिटं, आधी आणि नंतर. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पाय बधिर असेल तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. भाजलं तरी कळत नाही.

इतकं लिहूनही वेदनेचा आकडा अपुराच राहतो, कारण तो न हलता माणूस सुधारत असू शकतो. दुखणं ५ च आहे, पण पूर्वी त्या ५ मध्ये लक्ष्मीपुरीत बाजाराला जाता येत नव्हतं आणि आता येतं. यासाठी आठवड्यातून एकदा तीन प्रश्न विचारावेत. पीईजी नावाच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या प्रश्नावलीत हेच आहेत. गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं? दुखण्याने जगण्यातली मजा किती हिरावली? रोजच्या कामात किती आडवं आलं? प्रत्येकाला शून्य ते दहा, बेरीज करून तीनने भागायचं. माझ्या लेखी दुसरा-तिसरा प्रश्न पहिल्यापेक्षा भारी आहेत.

आठवड्याचा हिशेब करताना सरासरी काढू नये, एक वाईट दिवस ती ओढून नेतो. सात दिवसांचे रात्रीचे आकडे लहान ते मोठे असे मांडून मधला, म्हणजे चौथा घ्यावा. ३, ४, ४, ४, ५, ५, ९ यातला चौथा ४. सरासरी मात्र ५ जवळ जाते. एका अंकाचा चढउतार सोडून द्यावा. प्रेगाबालिनच्या चाचण्यांतल्या रुग्णांचे आकडे तपासून फरार नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की साधारण दोन अंक किंवा ३० टक्के उतार पडला की रुग्णाला स्वतःला ‘बराच फरक’ वाटतो. रुपयातले पाच आणे. ६ वरून ४ हे त्यात बसतं. ८ वरून ६ मध्ये अंक दोनच उतरले, पण टक्के २५; तिथे कामाच्या रकान्यात काय दिसतं ते बघून ठरवावं.

या वहीतून रोजच्या कामाचं मापही काढता येतं. बसल्यावर किती मिनिटांनी आकडा दोनने वाढतो ते आठवडाभर टिपावं. समजा सरासरी २५ मिनिटं निघाली, तर २० व्या मिनिटाला गजर लावून उठायचं, बरं वाटत असलं तरी उठायचं. बरं वाटतंय तोवर सगळा फराळ उरकून घेऊ म्हणणारीच पुढचे तीन दिवस झोपून काढते. आठवडा नीट गेला की वेळ साधारण दहा टक्के वाढवायची, म्हणजे २० ची २२ मिनिटं. वाईट दिवशी ती पूर्ण शून्यावर आणायची नाही, निम्मी करायची.

घरच्यांशी आकड्यांचा करार असावा. सकाळी एकदा सांगायचं, मग तासातासाला ‘काय, लई दुखतंय काय?’ नको. आमच्याकडे ६ च्या वर बादली-सिलिंडरला हात लावायचा नाही एवढं ठरलेलं आहे, स्पष्टीकरण लागत नाही. ‘दिसायला तर धडधाकट आहेस’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना वही दाखवायच्या फंदात पडू नये. ‘पांढरा रस्सा पी, बरं वाटेल’ म्हणणाऱ्याकडे मात्र रस्सा पिऊन यावं.

डॉक्टरांकडे अख्खी वही नेऊन उपयोग नाही. सीपीआर हे इथलं सरकारी रुग्णालय असो की खासगी दवाखाना, ओपीडीत मिनिटं मोजकी मिळतात. एक कागद करावा: गेल्या चार आठवड्यांचे मधले आकडे, कंबर आणि पाय वेगळे, चार आठवड्यांचे पीईजी, चालू गोळ्या मिलिग्रॅमसह आणि त्यांनी होणारा त्रास, न जमणारी तीन कामं, आणि एकच प्रश्न. तिथे आकडा फुगवून सांगितला तर जास्त मात्रेची गोळी पदरात पडते, आणि लाजून कमी सांगितला तर ‘चालू ठेवा’.

काही गोष्टींत आकडा बघायचाच नाही. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं: यात दुखणं ३ असलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. ताप, विनाकारण उतरणारं वजन, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, उतारवयात पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी: यात चार आठवड्यांचा कागद तयार करत बसू नये, डॉक्टरांकडे लगेच जावं.

रोज तीनदा लिहिणं जन्मभर करायचं नाही. दुखण्याकडे सतत कान लावून बसलं की ते मोठं ऐकू येतं. पहिले चार आठवडे तिन्ही वेळा, मग फक्त रात्रीचा आकडा आणि आठवड्याचे तीन प्रश्न, आणि सगळं स्थिर झालं की महिन्यातला एकच आठवडा. आकडा लिहायच्या विचारानेच धास्ती वाटायला लागली तर वेदनेचा रकाना बंद करून फक्त कामाचा ठेवावा: किती चालले, किती उभी राहिले, किती झोपले. नवी गोळी, बदललेला डोस, नवा व्यायाम किंवा इंजेक्शन ठरलं की आधीचा एक आठवडा आणि नंतरचे चार आठवडे पुन्हा तिन्ही वेळा लिहायचं.